सस्पेन्स खात्यातली शाल

मी भित्रा आहे. एवढं तीन शब्दांचं वाक्य लिहायला मला पंचेचाळीस वर्षं लागली, यावरून माझ्या भित्रेपणाची जात वाचकांच्या ध्यानात यावी. मी झुरळाला भितो, कोपऱ्यावरच्या कुत्र्याला भितो, दाताच्या डॉक्टरांना भितो, हेड ऑफिसच्या फोनला भितो. आणि ‘अहो, जरा बोलायचं होतं’ असं सौ. शांत आवाजात म्हणाली की जेवढा भितो, तेवढा या चौघांना मिळून भीत नाही. पाण्याचं तर नावच काढू नका. बाथरूममधली बादली काठोकाठ भरली तरी मी नळ बंद करताना एक पाऊल मागे सरकून, हात लांब करून बंद करतो.

दुसरीकडे कुठं जन्मलो असतो तर हे खपूनही गेलं असतं. पण जन्म साताऱ्याचा. सकाळी गॅलरीत उभं राहून दात घासायला लागलो की समोर अजिंक्यतारा. ज्या किल्ल्याच्या नावातच अजिंक्य आहे, त्याच्याकडे बघत ब्रश फिरवणारं पोर मोरीतल्या झुरळाला भिऊन ओरडत घरात पळतं, हे आमच्या वडिलांना शेवटपर्यंत सहन झालं नाही. त्यांनी मला सैनिक स्कूलच्या परीक्षेला बसवलं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली निघालं ते आमच्या साताऱ्यात, आणि घरापासून इतक्या जवळ असताना मुलगा सैनिक होऊ नये म्हणजे काय, असा त्यांचा हिशेब. गणितात मी बरा निघालो, डोळ्यांत अडकलो. मला लांबचं दिसत नव्हतं. शत्रू अगदी हातभर अंतरावर आल्याशिवाय मला तो शत्रू आहे हे कळणार नव्हतं, आणि कळल्यावर मी काय केलं असतं हे आम्हा बापलेकांना न बोलता ठाऊक होतं. मग बी.कॉम. झालो, चष्म्याचा नंबर वाढवत बँकेत चिकटलो आणि बदली होऊन सांगलीला आलो.

सांगली म्हणजे आगीतून फुफाट्यात. साताऱ्यात निदान जमीन तरी कोरडी. इथं अस्सल सांगलीकर आधी पोहायला शिकतो, मग चालायला. कृष्णेला पाणी चढलं की आयर्विन पुलावरून खाली उड्या टाकणारी पोरं मी पाहिली आहेत. हा पूल १९२९ सालचा. लॉर्ड आयर्विनचं नाव त्याला दिलं ते काही पोरांनी वरून उड्या टाकाव्यात म्हणून नव्हे. पण साहेब गेला, नाव राहिलं, आणि उड्याही राहिल्या.

तर असा मी. आणि असं असूनही माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, शौर्याबद्दल मिळालेली एक शाल आहे. शालीबरोबर नारळही होता, त्याच्या वड्या झाल्या. शाल मात्र तशीच घडी घालून ठेवलेली आहे. बँकेत एक सोय असते. एखादी रक्कम आली पण ती कोणाची ते कळेना, तर ती ‘सस्पेन्स’ नावाच्या खात्यात टाकून ठेवायची. खरा मालक सापडला की त्याच्या खात्यावर फिरवायची. ती शाल मी तशी सस्पेन्सला टाकली आहे. ती कशी मिळाली ते पुढं सांगतो. सांगायला लागणारं धैर्य अजून गोळा करतो आहे.

दरम्यान तिच्या मालकाचा शोध घ्यायचा तर शौर्य म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवं. बी.कॉम.च्या अभ्यासात हा विषय नव्हता. बँकेत तर उलटंच शिकवतात. दरोडेखोर आला तर जिवावर उदार होऊ नका, सांगेल ते करा, त्याचा चेहरा लक्षात ठेवा आणि जमल्यास काउंटरखालचं धोक्याचं बटण दाबा, असं आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. या सूचना जणू माझा स्वभाव समोर ठेवूनच लिहिल्या होत्या. बटण मी एकदा दाबलंही. गुडघ्यानं, चुकून, जांभई देताना. पाच मिनिटांत पोलीस आले, तेव्हा मीच काउंटरखाली सापडलो.

शौर्याचा पहिला धडा मला मिळाला तो आमच्या बंदूकवाल्या सुभेदारांकडून. ते निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण बँकेत सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. गाव अपशिंगे मिलिटरी. साताऱ्याजवळच्या या गावाच्या नावातच मिलिटरी आहे, आणि ती फुकट मिळालेली नाही: पहिल्या महायुद्धात या एका गावची ४६ माणसं कामी आली. सुभेदारांच्या घरात पणजोबापासून सगळे फौजेत. एकदा २६ नोव्हेंबरला डबा खाताना तुकाराम ओंबळ्यांचा विषय निघाला. तो निघतोच, कारण ओंबळे आमच्या जिल्ह्याचे, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. आधी फौजेत नोकरी, मग मुंबई पोलिसात. २००८ सालच्या त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर ते सहायक उपनिरीक्षक म्हणून उभे होते. हातात लाठी. समोर गाडीतून आलेला कसाब, त्याच्या हातात एके-४७. ओंबळ्यांनी तिची नळी धरली.

आमचे कॅशियर म्हणाले, “त्या क्षणाला माणूस विचार करत नाही हो. आपोआप होतं ते. रिफ्लेक्स.”

सुभेदारांनी घास खाली ठेवला. म्हणाले, “आपोआप काय होतं सांगू? चहाच्या पातेल्याला हात लागला की काय होतं?”

“सुटतो.”

“मग? धरल्यावर गोळ्या सुटल्या. एक नव्हं, दोन नव्हं. हात सुटाय पायजे होता. सुटला न्हाई.” आणि पुन्हा भाकरीचा तुकडा मोडून ते जेवायला लागले.

तो हात न सुटल्यामुळं बाकीच्या पोलिसांना झडप घालायला वेळ मिळाला, कसाब जिवंत सापडला, खटला उभा राहिला, आणि कोण, कुठून, कसे आले हे सगळं जगापुढं आलं. ओंबळे त्याच रात्री गेले. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पुढं २०२१ साली शास्त्रज्ञांनी ठाणे-कल्याणकडं सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचं नाव दिलं. हा कोळी उड्या मारणाऱ्यांपैकी. धरलेलं न सोडणाऱ्या माणसाचं नाव उडी मारणाऱ्याला मिळालं, याची मला गंमत वाटली. पण एका परीनं आपण सगळेच तसं करतो. शौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं उडी येते. धरून ठेवणं दिसत नाही.

मी ही गोष्ट सिद्धांत म्हणून बांधायला घेतली. शौर्य म्हणजे जागा न सोडणं! कागदावर लिहिलंसुद्धा. पण महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापक येतात. तत्त्वज्ञान शिकवायचे. पासबुक भरून मिळेपर्यंत ते मला शिकवतात. मी त्यांना माझा सिद्धांत ऐकवला, तर ते म्हणाले, “अडीच हजार वर्षं उशीर झाला तुला.” प्लेटोचा ‘लाखीस’ नावाचा एक संवाद आहे म्हणे. त्यात सॉक्रेटिस दोन सेनापतींना धरून विचारतो, बाबांनो, शौर्य म्हणजे काय? त्यांतला लाखीस माझ्यासारखंच पटकन सांगून मोकळा होतो: जो आपली जागा सोडत नाही, पळत नाही, तो शूर. सॉक्रेटिस म्हणतो, आणि सिथियन घोडेस्वार पळता पळता लढतात, ते काय भित्रे? तिथून जो घोळ सुरू होतो, तो संवाद संपेपर्यंत संपत नाही. दोघे नावाजलेले सेनापती, समोर सॉक्रेटिस, आणि शेवटी शौर्य म्हणजे काय ते कोणालाच सांगता येत नाही.

मला फार बरं वाटलं. मागं रांगेत उभ्या असलेल्यांना तेवढं बरं वाटलं नसावं.

खरं तर यासाठी ग्रीसला जायची गरज नव्हती. गनिमी काव्याच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला पळण्यातही शौर्य असतं हे सांगावं लागतं, हीच शरमेची गोष्ट. आणि मी राहतो त्या सांगलीची सगळ्यांत गाजलेली शौर्यकथा तरी कशाची? पळून जाण्याचीच. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून पळाले. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, किल्ल्याच्या तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि भरलेली कृष्णा गाठली. पाठीवर गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गेले, दादांच्या खांद्याला गोळी लागली. ते वाचले आणि १९७७ साली मुख्यमंत्री झाले. आता लाखीसच्या व्याख्येत हे बसवा बरं! पहारेकरी जागेवर उभे होते आणि शूर माणसं पळत होती.

त्याच काळातली दुसरी गोष्ट तर कुठल्याच व्याख्येत बसत नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी हौसाताई. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यावरच्या बंदुका पळवायच्या होत्या. म्हणून ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक लावलं. बायको हौसाताई, आणि चळवळीतला एक साथीदार नवरा. त्यानं तिला बडवायला सुरुवात केली, भलाथोरला दगड उचलला, आता बाई मरते असं वाटून पोलीस सोडवायला बाहेर धावले, आणि मागच्या बाजूनं बाकीच्यांनी बंदुका-काडतुसं उचलली. नाटक खरं वाटावं म्हणून मार मात्र खराच पडला, अशी तक्रार हौसाताई म्हाताऱ्या झाल्यावरही हसत हसत करायच्या. २०२१ साली त्या गेल्या. हे वाचताना मला राहून राहून वाटतं, की जिवावर उदार होणं एक वेळ समजतं. पण रस्त्यात चारचौघांपुढं मार खाणारी बाई म्हणून उभं राहायचं, आणि बघणाऱ्याला खरं काय ते कळूही द्यायचं नाही? लोकांनी आपल्याला शूर म्हणावं म्हणून जे काही केलं जातं, त्याच्या हे बरोबर उलट्या टोकाला आहे. मी उलट्या टोकाला आहे, हेही मला इथंच कळलं. पण ते शालीच्या वेळी.

आणखी एक माणूस माझा पिच्छा सोडत नाही. १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात उमाशंकर पंड्या गेले. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनीअर. म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार उचलणारा, तुमच्या-माझ्यासारखा नोकरदार. त्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला होता की नव्हता, असा प्रश्न माझ्या मनात येतो. आणि माझ्या मनात पहिला प्रश्न हा येतो म्हणूनच मी कुठल्या मोर्च्यात नसतो.

पण या सगळ्या नावं असलेल्या माणसांच्या गोष्टी. मला यातलं जे थोडंफार कळलं ते जिचं नाव कुठंच नाही अशा बाईकडून, म्हणजे आमच्या आज्जीकडून. आईची आई. तिचं गाव कुंडलच्या बाजूला. आज ते सांगली जिल्ह्यात येतं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ साली दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं आज्जी जन्मभर एकाच घरात राहून दोन जिल्ह्यांत नांदली. कुंडल म्हणजे प्रतिसरकारचा बालेकिल्ला. १९४३ पासून तीनेक वर्षं या भागात इंग्रजांचं राज्य कागदावर आणि पत्री सरकारचं गावात, अशी परिस्थिती. भूमिगत माणसं रात्री यायची, जेवायची, निजायची, पहाटे नाहीशी व्हायची. जी घरं त्यांना ठेवून घ्यायची त्यांतलं एक आज्जीचं.

आता ही आज्जी कशी? ढग गडगडला की ही देवघराच्या कोपऱ्यात. पाल पडली की घर डोक्यावर. आमच्या वडिलांच्या स्कूटरवर मागं बसायची नाही, कारण ‘दोन चाकावर उभं राहतंयच कसं ते’. माझा भित्रेपणा आईकडून आला असं वडील म्हणत, ते या पुराव्यावर. आणि या बाईनं, तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची असताना, घरातल्या बळदात माणसं लपवली. बळद म्हणजे भिंतीतलं धान्य साठवायचं कोठार. धान्याच्या जागी माणूस.

मला वाटायचं, यात शौर्याचा प्रसंग म्हणजे पोलीस झडतीला आले तो. दोनदा आले होते. पण आज्जीला त्या झडत्यांचं फारसं काही सांगायचं नसायचं. ती सांगायची जात्याबद्दल. पहाटे कोणाच्या घरी जातं किती वेळ फिरतं, हे सगळ्या आळीला ऐकू जाई. तिघांच्या घरात आठ माणसांचं दळण झालं तर शेजारणीला समजणारच. शेजारीण चांगली, पण तिचा दीर भरवशाचा नाही. म्हणून आज्जी आपलं दळण पुरवून पुरवून करायची: निम्मं घरी, निम्मं जाऊबाईकडं, आणि कधी दुपारी ‘सणाचं दळतेय’ म्हणून. बहुतेक सण तिनं त्या तीन वर्षांत दोन-दोनदा साजरे केले. हे एका रात्रीचं काम नव्हे. रोज पहाट व्हायची, रोज जातं असायचं, आणि रोज भाकऱ्या मोजाव्या लागायच्या.

मी नववीत असताना तिला विचारलं होतं, “आज्जी, भ्या नाही वाटायचं?”

“वाटायचं की.”

“मग?”

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, “मग काय? भाकऱ्या कराय लागायच्या.”

स्वातंत्र्यसैनिकाचं पेन्शन तिला मिळालं नाही. तिनं मागितलंही नाही, आणि मागून काय उपयोग? तुरुंगात गेली नाही, वॉरंट निघालं नाही, कागद नाही. बँकेतला माणूस म्हणून मला हे समजतं: व्हाउचर नसेल तर नोंद होत नाही. आणि बँकेतला माणूस म्हणूनच मला हेही ठाऊक आहे, की व्हाउचर नसलं म्हणजे व्यवहार झाला नाही असं नसतं.

आता शालीकडं येतो. टाळत होतो, पण पानं संपत आली.

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना यापुढं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांवर पाणी गेलं की धोका समजायचा. त्या वर्षी ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेले लोक ‘एवढं येत नाही हो’ म्हणत जिने चढत होते. आम्ही गावभागात पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. आमच्या वरच्या मजल्यावर माई. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, मुलगा पुण्याला. तळमजला बुडाला, वीज गेली, आणि आम्ही सगळे माईंच्या घरात जमलो. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसं बुडाली. ही बातमी आमच्यापर्यंत आली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिन्याशी बोट आली.

कोणी पाऊल उचलेना. सौ. आणि मुलगी आधीच सासुरवाडीला मिरजेला पोचल्या होत्या, एवढं नशीब. मी म्हणालो, “आपण इथंच थांबू. पाणी उतरेल.” हे मी फार गंभीरपणे, जबाबदार माणसासारखं म्हणालो. माई माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी पदर खोचला, गुडघाभर पाण्यातल्या पायऱ्या भिंत धरून उतरल्या, बोटीत जाऊन बसल्या आणि तिथून हात पुढं केला. “ये.” मी गेलो. बोट हलली तेव्हा मी डोळे मिटले आणि माईंचा हात घट्ट धरला. पुढची पंधरा मिनिटं मी काय पाहिलं ते सांगू शकत नाही, कारण काहीच पाहिलं नाही. उतरायच्या जागी कमरेएवढं पाणी होतं. माझे पाय लटपटत होते. मी एका हातानं त्यांचा दंड आणि दुसऱ्यानं खांदा पकडला, आणि त्या माझ्यासकट चालत काठाला आल्या.

बरोबर त्याच वेळी कोणीतरी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तो एका पेपरात आला. ‘महापुरात माणुसकी : बँक कर्मचाऱ्याने वृद्धेला सुखरूप बाहेर काढले.’ फोटोत खरोखरच तसं दिसतं. मी वाकलेलो, चेहऱ्यावर काळजी, दोन्ही हातांनी वृद्धेला सावरतोय. फोटो खोटा नाही. फक्त डेबिट-क्रेडिट उलटं पडलंय.

पाणी ओसरलं, चिखल निघाला, फोटो शाखेच्या नोटीस बोर्डावर लागला. मॅनेजरसाहेबांनी हात दाबला. मी म्हणायला हवं होतं, “साहेब, तसं नाही.” मी म्हणालो, “कर्तव्यच होतं.” मुलीनं शाळेत फोटो नेऊन दाखवला, बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मग सप्टेंबरात, त्या वर्षीच्या साध्याशा गणेशोत्सवात, मंडळानं सत्कार ठेवला. खुर्चीत बसलो तेव्हा मी मनात भाषण पाठ करून गेलो होतो: मंडळी, खरी गोष्ट अशी आहे. समोर पहिल्या रांगेत माई बसल्या होत्या. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, माईक पुढं आला. सगळी मंडळी बघत होती, मुलगी बघत होती. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “मी आपला आभारी आहे.”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माईंच्या.

बोटीत भ्यालो त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पोहता न येणाऱ्या माणसानं पुराला भ्यावं हे रीतसर आहे. न भीता तर ऍरिस्टॉटलनंही त्याला शूर म्हटलं नसतं, अविचारी म्हटलं असतं. पण मांडवात काय बुडणार होतं? पाणी नव्हतं, गोळी नव्हती. दोन वाक्यं होती. आज्जीच्या बळदात माणूस असताना तिनं पोलिसाच्या तोंडावर जे लपवलं, ते दुसऱ्याचा जीव होता म्हणून. मी लपवला तो माझा पचका.

चार महिने मी माईंना टाळलं. जिन्यात पावलं वाजली की दार लोटून घ्यायचो. शेवटी संक्रांतीला तिळगूळ घेऊन वर गेलो, आणि तिळगुळाबरोबर शालही पिशवीत घातली. म्हटलं, “माई, ही तुमची. त्या दिवशी मी काही केलं नाही. तुम्हीच मला आणलंत. तुम्ही त्या दिवशी मांडवात बोलला का नाहीत?”

“तुझी पोर बसली होती की माझ्या शेजारी,” माई म्हणाल्या. “आणि काय बोलणार? मला तरी कुठं ठाऊक होतं कोण कोणाला आणतंय ते.”

“म्हणजे?”

“अरे, मी काय कमी भ्यायले होते? छाती अशी धडधडत होती. वर एकटी राहायची भीती जास्त, म्हणून उतरले. आणि तुझा हात का धरला वाटतं तुला?” इथं त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू असा अंगानं भरलेला. म्हटलं, बोट उलटलीच तर हा तरंगेल.”

शाल त्यांनी घेतली नाही. सांगलीत शाल कशाला, उकाड्याची, म्हणाल्या. नारळ असला तर दे. नारळाचं काय झालं ते मी सांगितलं. तर, वड्या तरी आणायच्या होत्यास, असं म्हणून त्या तिळगूळ खाऊ लागल्या.

तेव्हापासून माझा हिशेब पार विस्कटला आहे. एक शूर आणि एक भित्रा अशी सरळ जमा-नावे धरून मी शालीचा मालक शोधत होतो. आता दोन भित्री माणसं, एकमेकांचा हात धरलेली, आणि दोघंही काठाला. ही नोंद कोणत्या खात्याला टाकायची? सुभेदारांना विचारलं, ते नुसते हसले. प्राध्यापकांना विचारलं, तर म्हणाले, लाखीसच्या शेवटी सॉक्रेटिस म्हणतो, आपण सगळ्यांनीच आता एक चांगला शिक्षक शोधू या. सौ. मात्र ऑडिटरसारखी दर दिवाळीला विचारते, “ही शाल अशी किती वर्षं ठेवणार?” मुलीला मी खरी गोष्ट सांगितली, तिची दहावी झाल्यावर. ती म्हणाली, “बाबा, मला माहीत होतं. फोटोत तुमचे डोळे मिटलेले आहेत.”

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. २४ तारखेला पाणी आमच्या खालच्या पायरीला लागलं. या खेपेला आम्ही शहाणे झालो होतो. सौ.नं पासबुकं, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलीच्या मार्कशीटा, सगळं गोळा केलं, कपाटातून पहिलं जे जाडसर कापड हाती लागलं त्यात बांधून गाठोडं केलं आणि माझ्या काखेत दिलं. कापड ओळखीचं होतं. मी वर माईंना बोलवायला गेलो. त्या पिशवी भरून, चपला हातात घेऊन दारातच बसलेल्या होत्या. जिन्याशी बोट लागली. पाणी काळंभोर, वेगात. मी त्यांचा हात धरला. की त्यांनी माझा, कोण जाणे. शेवटच्या कोरड्या पायरीवर आम्ही दोघं थांबलो.

“तू पुढं हो,” माई म्हणाल्या. “पण फोटोवाला आहे का ते आधी बघ.”